डाउनलोड दोन हजार, सायटेशन एक

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४१ वर्षांच्या आहेत आणि नाशिकजवळच्या एका वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतात. निफाड तालुक्यातील द्राक्षबागांसाठी खोदलेली शेततळी आणि त्यामुळे भूजलाच्या उपशात झालेला बदल हा त्यांचा अभ्यासविषय. २०१९ साली त्यांनी या विषयावर एका मराठी सहामाही नियतकालिकात लेख लिहिला. नियतकालिकाच्या संकेतस्थळावर त्या लेखापुढे आज २,३१२ डाउनलोड दिसतात. सायटेशन, म्हणजे इतर संशोधकांनी आपल्या लेखात दिलेला संदर्भ, मात्र गूगल स्कॉलर या शोधयंत्रावर एकच, आणि स्कोपस या सूचीमध्ये तर तो लेखच नाही. त्याच सर्वेक्षणावर २०२१ साली इंग्रजीत लिहिलेल्या निबंधाचे डाउनलोड १४० आहेत. त्याची सायटेशन स्कॉलरवर ११, प्रकाशकाच्या पानावर ६ आणि स्कोपसवर ५. रसायनशास्त्रातील एका सहकाऱ्याचा एच-इंडेक्स, म्हणजे लेख आणि त्यांना मिळालेले संदर्भ यांवरून काढलेला निर्देशांक, १४ आहे, यांचा ३. बढतीची फाईल तयार करायची आहे. स्टाफरूममधील काही जणांनी व्हॉट्सॲपवर एक गट केला असून प्रत्येकाने आपल्या पुढच्या पेपरात गटातील इतरांचे दोन-दोन संदर्भ घालायचे असे त्यात ठरले आहे. यांनाही बोलावणे आले आहे. रोज रात्री झोपण्यापूर्वी स्कॉलरचे पान उघडून आकडा पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, असे त्या लिहितात. त्यांचे प्रश्न तीन : यातला खरा आकडा कोणता, गटात जावे का, आणि ज्यातून काही ‘मिळत’ नाही ते मराठी लेखन थांबवावे का. ता. क. म्हणून त्यांनी एक वाक्य जोडले आहे : मराठी लेख वाचून पिंपळगावच्या एका बागायतदारांनी एकदा फोन केला होता.

सस्नेह नमस्कार.

पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात आकडेच डोळ्यांत भरले. दुसऱ्या वाचनात जाणवले की तुमच्या कामाविषयीचे सात आकडे पत्रात आहेत आणि वाचक मात्र एकच आहे, पिंपळगावचे ते बागायतदार, आणि त्यांनाही तुम्ही ता. क. मध्ये जागा दिली आहे. इंग्रजी निबंधाचा संदर्भ ज्या अकरा ठिकाणी दिला गेला ती माणसे कोण, त्यांनी तुमचे कोणते विधान उचलले, ते मान्य केले की खोडून काढले, याबद्दल पत्रात एक अक्षरही नाही. रोज रात्री ते पान उघडूनही त्या अकरा नावांवर तुम्ही एकदाही क्लिक केलेले नसावे, असा माझा अंदाज आहे. तो चुकला असेल तर क्षमा करा; बरोबर असेल तर हे उत्तर वाचून झाल्यावर पहिले काम तेच करा. ‘साइटेड बाय’ या दुव्याखाली ती सगळी यादी एका क्लिकवर उघडते.

आता तुमचा पहिला प्रश्न. नाशिकच्या माणसाला याचे उत्तर समजावणे तुलनेने सोपे आहे. पावसाळ्यात गोदावरीला पूर येतो तेव्हा गंगापूर धरणातून सोडलेल्या पाण्याचा क्युसेकमधला आकडा वेगळा असतो, होळकर पुलाखालून वाहणाऱ्या पाण्याचा वेगळा आणि नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यावरचा आणखी वेगळा. यातला खरा कोणता, असे कोणी विचारत नाही. होळकर पुलापर्यंत शहरातले नाले आणि ओढे नदीत आलेले असतात, आणि नांदूरमध्यमेश्वरला पोहोचेपर्यंत दारणा आणि कादवाही मिळालेल्या असतात, म्हणून खालचा आकडा मोठा. कोणत्या ठिकाणी कोणते पाणी धरले आहे हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे तिन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. तुमच्या ५, ६ आणि ११ यांचेही तसेच आहे.

स्कोपस ही एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेने २००४ साली सुरू केलेली सूची. तिच्यात निवडून घेतलेली नियतकालिके आणि ग्रंथच असतात आणि त्यांच्या शेवटी दिलेल्या संदर्भांचीच ती गणती करते. प्रकाशकाच्या पानावरचा आकडा बहुधा क्रॉसरेफकडून येतो. क्रॉसरेफ ही प्रकाशकांची २००० साली उभी राहिलेली नोंदणीसंस्था आहे. लेखांना डीओआय म्हणजे कायमस्वरूपी ओळखक्रमांक मिळतात ते तिच्यामार्फत, आणि सदस्य प्रकाशक आपल्या लेखांच्या संदर्भसूच्याही तिच्याकडे पाठवतात. एका लेखाच्या सूचीतील नोंद दुसऱ्या लेखाच्या डीओआयशी जुळली की एक उल्लेख मोजला जातो. ज्या प्रकाशकाने सूची पाठवलीच नाही त्याचे उल्लेख तिथे येत नाहीत. गूगल स्कॉलर २००४च्या नोव्हेंबरमध्ये आले. त्याच्याकडे निवडसमिती नाही. विद्वत्तापूर्ण दिसणारे जे काही जालावर उघडे आहे ते त्याचे यंत्र वाचत जाते : प्रबंध, परिषदांची वृत्ते, अहवाल, अद्याप छापून न आलेले मसुदे. म्हणजे दारणा, कादवा आणि सगळे ओढे त्यात आले. त्यात गाळही येतो. एकच लेख दोनदा मोजला जाणे, आपल्यासारख्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा लेख आपल्या खात्यात येऊन बसणे, हे तिथे नेहमीचे आहे, म्हणून ते खाते वर्षातून एकदा तरी हाताने निवडून साफ करावे लागते.

तेव्हा अर्जात ‘स्कोपस सायटेशन’ असा रकाना असेल तर तिथे ५ लिहा. रकाना मोकळा असेल तर ११ लिहा, पण शेजारी ‘गूगल स्कॉलर’ हे नाव आणि पाहिल्याची तारीख लिहा, कारण स्कॉलरचा आकडा पुन्हा गणती झाल्यावर कमीही होऊ शकतो आणि मुलाखतीच्या दिवशी समितीतील कोणी मोबाइलवर पाहिलेच तर तफावतीचा खुलासा तुमच्याकडे असायला हवा. तिन्हींची बेरीज मात्र करू नका. हसू नका, अशी बेरीज केलेली फाईल मी स्वतः पाहिली आहे.

तुमच्या मनाला खरी टोचणी आहे ती २,३१२ आणि १ यांच्या तफावतीची. या दोन आकड्यांतून तुम्ही दोन निष्कर्ष काढले आहेत. एक, दोन हजार माणसांनी लेख वाचला. दुसरा, त्यातल्या कुणालाही तो उल्लेख करण्याजोगा वाटला नाही. दोन्ही निष्कर्ष मला घाईचे वाटतात.

डाउनलोडचे आधी पाहू. संकेतस्थळावरचा आकडा म्हणजे फाईल किती वेळा मागितली गेली याची नोंद. ती माणसाने मागितली की शोधयंत्राच्या यंत्रमानवाने, एकाच माणसाने चार वेळा की चौघांनी एकेकदा, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. ग्रंथालयांना हा गोंधळ फार आधीपासून छळत होता, म्हणून २००२ साली ग्रंथपाल, प्रकाशक आणि पुरवठादार यांनी एकत्र येऊन ‘काउंटर’ नावाचा उपक्रम सुरू केला आणि मोजणीचे सामाईक नियम ठरवले. ते नियम समजून घेण्याजोगे आहेत. एकाच वाचकाने एकाच फाईलवर तीस सेकंदांच्या आत दोनदा क्लिक केले तर ते एकच धरायचे. ओळखीच्या यंत्रमानवांच्या भेटी वगळायच्या. नुसता सारांश पाहणारे आणि संपूर्ण लेख उघडणारे यांची मोजणी वेगळी ठेवायची. एकाच बैठकीत कुणी लेख आधी पडद्यावर उघडला आणि मग पीडीएफही उतरवून घेतली, तर एकूण मागणीत ते दोन आणि ‘युनिक’ मागणीत एक. मोठे प्रकाशक हे नियम पाळतात आणि त्याप्रमाणे ग्रंथालयांना अहवाल देतात. लहान नियतकालिकाचे संकेतस्थळ कोणत्या नियमाने मोजते हे मात्र विचारल्याशिवाय कळत नाही. तुमच्या दोन लेखांचे आकडे दोन वेगवेगळ्या काट्यांवरचे असतील तर २,३१२ आणि १४० यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

म्हणून संपादकांना एक पत्र लिहा. मोजणी कोणत्या तारखेपासूनची आहे, यंत्रमानव वगळले जातात का, आणि सर्वांत महत्त्वाचे, महिनावार आकडे मिळतील का. बेरजेपेक्षा महिन्यांचा आलेख पुष्कळ जास्त बोलतो. त्यातले हजार डाउनलोड एकाच आठवड्यातले निघाले तर तो बहुधा यंत्राचा उपद्व्याप किंवा एखाद्या वर्गाला दिलेला गृहपाठ. सत्रपरीक्षांच्या आसपास आकडा चढत असेल तर वाचक विद्यार्थी आहेत. आणि दर उन्हाळ्यात, विहिरी तळाला जातात आणि खरड छाटणीनंतर बागेला पाणी कुठून आणायचे हा प्रश्न उभा राहतो तेव्हा तो चढत असेल, तर तुमचा लेख कोण वाचते आहे हे तुम्हाला मी सांगायला नको.

आकडा जसा फुगतो तसा तो आटतोही. एखाद्या कृषी सहाय्यकाने तुमची पीडीएफ एकदा उतरवली आणि द्राक्ष उत्पादकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, तर संकेतस्थळाच्या दृष्टीने तो एकच वाचक. पिंपळगावच्या बागायतदारांना तो लेख कुठून मिळाला, हे तुम्ही विचारले होते का?

मी बरीच वर्षे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढली. त्या काळी आमचा मापनाचा मानदंड म्हणजे पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी. जितके शिक्के जास्त तितके पुस्तक उपयोगाचे, असे आमच्या वार्षिक अहवालात आम्ही गंभीरपणे लिहीत असू. सर्वाधिक शिक्के दरवर्षी परीक्षेच्या गाईडवर पडत. १८८३ सालचा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर मात्र संदर्भ विभागात होता आणि तो घरी न्यायला मिळत नसे, त्यामुळे त्याच्यावर शिक्का एकही नव्हता. त्याची बांधणी मात्र वापरून वापरून पुन्हा करून घ्यावी लागली होती. अहवालात त्याची नोंद शून्य.

आता त्या एका सायटेशनकडे वळू. संदर्भोल्लेख देणारा माणूस शोधनिबंध लिहिणारा असावा लागतो. शेततळ्यात पाणी भरून ठेवावे की नाही याचा निर्णय तुमचा लेख वाचून घेणारा शेतकरी कुठल्याच संदर्भसूचीत येत नाही, तालुक्याची टंचाई आराखड्याची बैठक घेणारा अधिकारी येत नाही, आणि तुमचा लेख वर्गात शिकवणारा प्राध्यापकही येत नाही. म्हणून उल्लेख कमी म्हणजे उपयोग कमी, हे समीकरण उपयोजित आणि स्थानिक विषयांत मुळातच लंगडे आहे. उलट ज्याचे भरपूर उल्लेख होतात ते सगळे मान्य होऊन होतात असेही नाही. चुकीचा ठरलेला निबंध खोडण्यासाठीही उल्लेखावाच लागतो. तुमच्या अकरापैकी दोघांनी कदाचित केवळ ‘निफाडमध्ये द्राक्षे होतात’ एवढ्यासाठी तुमचे नाव कंसात टाकले असेल आणि एखाद्यानेच तुमची उपसा मोजण्याची पद्धत उचलून दुसऱ्या तालुक्यात वापरली असेल. या दोहोंना यंत्र सारखाच भाव देते. तुम्ही देऊ नका.

मराठी लेखाच्या बाबतीत आणखी एक अगदी यांत्रिक कारण संभवते, आणि आपल्याकडच्या संपादकांना ते वारंवार सांगूनही त्याकडे दुर्लक्ष होते. तुमच्या लेखाची पीडीएफ उघडा, त्यातली एक ओळ निवडून कॉपी करा आणि मोबाइलवरच्या कोऱ्या संदेशात चिकटवा. तिथे मराठी उमटले तर ठीक. त्याऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी उमटली, तर तो अंक युनिकोडच्या आधीच्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेला आहे, आणि शोधयंत्रालाही तुमच्या लेखात तीच खिचडी दिसते. माणसाला सुबक दिसणारे पान यंत्राच्या लेखी निरर्थक असते. मग ‘शेततळी’ असा शोध घेणाऱ्यासमोर तुमचा लेख येणार कसा, आणि कुणी संदर्भ दिलाच तर तो जुळणार कसा? यावर उपाय आहे : संपादकांना विनंती करून युनिकोडमधील फाईल चढवून घ्या, लेखाचे शीर्षक, सारांश आणि कळीचे शब्द इंग्रजीतही द्यायला सांगा, डीओआय नसेल तर तो घेता येईल का ते विचारा. नियतकालिकाची परवानगी असल्यास लेखाची एक प्रत झेनोडोसारख्या खुल्या भांडारात ठेवता येते. ते युरोपातील सर्न ही संशोधनसंस्था २०१३पासून चालवते आणि तिथे डीओआय विनामूल्य मिळतो. मात्र लेखाला आधीच डीओआय असेल तर तोच तिथे नोंदवायचा, दुसरा घ्यायचा नाही, नाहीतर उल्लेख दोन खात्यांत विभागले जातात.

नावाचेही असेच. आपल्याकडे मधले नाव कधी वडिलांचे, कधी पतीचे. आडनाव लग्नानंतर बदललेले किंवा दोन्ही जोडलेली. आणि रोमन लिपीत तेच आडनाव तीन प्रकारे लिहिलेले. यंत्राच्या दृष्टीने या तीन वेगळ्या लेखिका असतात. २०१२ पासून ऑर्किड ही सोळा अंकी ओळख विनामूल्य मिळते. ती नसेल तर घ्या, सगळे लेख तिच्याखाली आणा आणि पुढच्या प्रत्येक लेखाबरोबर ती कळवा. स्वतःचे आधीचे नाव तिथे पर्यायी नाव म्हणून नोंदवण्याची सोय आहे.

एच-इंडेक्सबद्दल फार लिहीत नाही. होर्हे हिर्श या अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ साली ही कल्पना मांडली : ज्याच्या १४ लेखांना प्रत्येकी किमान १४ उल्लेख आहेत त्याचा निर्देशांक १४. यावरून दोन गोष्टी उघड होतात. तुमचे एकूण लेख पाच असतील तर जगाने त्यांना डोक्यावर घेतले तरी निर्देशांक पाचाच्या वर जाणार नाही. आणि तो वयाबरोबर वाढतो, कमी मात्र होत नाही. प्रयोगशाळेत चार-पाच जण मिळून वर्षाला अनेक निबंध लिहिणारे, प्रत्येकात लांबलचक संदर्भसूची असणारे शास्त्र आणि एका सर्वेक्षणासाठी दोन उन्हाळे विहिरींवर उभे राहावे लागणारे शास्त्र यांची तुलना या मापाने करायचीच नसते. हिर्श यांनी स्वतःही विषयागणिक फरक पडतो हे नमूद केले होते. सहकाऱ्यांचे १४ त्यांच्या विषयात उत्तम असेल. तुमचे ३ तुमच्या विषयातील, तुमच्याइतकी वर्षे काम केलेल्या व्यक्तींच्या शेजारी ठेवून पाहा.

पत्रात तुम्ही इम्पॅक्ट फॅक्टरचा उल्लेख केलेला नाही, पण हेच प्रश्न पडणारे इतर वाचक तो विचारतील. युजीन गारफिल्ड यांनी १९५५ साली मांडलेल्या विचारातून तो आला आणि १९७५पासून त्याची वार्षिक जंत्री निघू लागली. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढेच तो सांगतो. तो नियतकालिकाचा असतो, तुमच्या लेखाचा नसतो. ‘नेचर’ने २००५ साली स्वतःचाच हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या आकड्यातील ८९ टक्के उल्लेख केवळ २५ टक्के लेखांनी मिळवून दिलेले निघाले. म्हणजे एवढ्या प्रतिष्ठित नियतकालिकातीलही बहुतेक लेख त्या सरासरीच्या खालीच. २०२३पासून तर ही जंत्री काढणाऱ्या क्लॅरिव्हेटने तीन दशांशस्थळांऐवजी एकच स्थळ छापायला सुरुवात केली, जेणेकरून नसलेली अचूकता त्यात कुणी पाहू नये. आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत या घटकाप्रमाणे गुण वाढतात हे खरे आहे, म्हणून तो भरायचा तिथे भरा. पण क्लॅरिव्हेटच्या जंत्रीत नाव नसलेले आणि मुखपृष्ठावर ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असली विशेषणे लावून ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ मिरवणारे नियतकालिक पैसे मागत असेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

आता गटाविषयी. इथे मी आडपडदा ठेवणार नाही : जाऊ नका. नाशिककरांचे पुराचे माप कोणते? गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीपर्यंत आले, यावरून पंचवटीतली दुकाने कधी रिकामी करायची ते ठरते. हे माप कित्येक पिढ्या टिकले कारण मारुतीच्या कमरेला पाणी लावून घेण्यात कुणाचा फायदा नाही. उद्या तेवढे पाणी चढल्याबद्दल अनुदान जाहीर झाले, तर लोक बादल्या घेऊन घाटावर जातील आणि मग पूर आला की नाही हे मारुतीकडे पाहून कुणालाच कळणार नाही. तुमचा गट बादल्या घेऊन निघाला आहे.

व्यवहाराच्या बाजूनेही हे शहाणपणाचे नाही. एकमेकांना ठरवून दिलेले उल्लेख सूचीत ठळकपणे उठून दिसतात. भूगोलाच्या निबंधात उत्प्रेरकांवरचे दोन संदर्भ परीक्षकाला खटकणारच. स्कोपसमध्ये स्वतःचे स्वतःला दिलेले उल्लेख वगळून आकडा पाहण्याची सोय आहे, आणि उल्लेखांची अशी देवघेव आढळली तर क्लॅरिव्हेट नियतकालिकांचा इम्पॅक्ट फॅक्टर रोखून धरते. प्रकाशन-नीतीविषयक समिती, म्हणजे कोप, असल्या कृत्याला सरळ गैरवर्तन मानते. पण स्टाफरूममध्ये रोज चहा एकत्र प्यायचा असतो, म्हणून नकार कसा द्यायचा हीच तुमची खरी अडचण असणार. नीतीचे व्याख्यान देऊ नका. ‘सर, तुमचे काम माझ्या विषयाला लागले की मी नक्की उल्लेख करीन, तुमचा तो पेपर मला वाचायला द्या,’ एवढे पुरे. सहकाऱ्याचा संदर्भ देण्यात गैर काहीच नाही. लेखक अनोळखी असता तरी हा संदर्भ मी दिला असता का, हा प्रश्न स्वतःला विचारावा आणि उत्तर होय असेल तर निःसंकोच द्यावा.

फाईलविषयी थोडे. २०१३चा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा सांगतो की नियतकालिकाच्या आकड्यावरून एखाद्या लेखाची किंवा व्यक्तीची किंमत ठरवू नये. २०१५च्या लायडेन जाहीरनाम्याचे तिसरे तत्त्व तर स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण करा असेच आहे. मुलाखतीच्या टेबलावर जाहीरनामे फडकवून काही होत नाही हे मला ठाऊक आहे. पुरावा मात्र चालतो. मराठी लेखासाठी रकान्याखाली जोडपत्र म्हणून एक परिच्छेद लिहा : लेखाने काय दाखवले, तो कुणी वापरला, कुठे. तालुका कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात तो वापरला गेला असेल तर तसे दोन ओळींचे पत्र मागा. पिंपळगावच्या बागायतदारांना फोन करा आणि लेख वाचून त्यांनी नेमके काय बदलले ते विचारा. काही बदलले असेल तर त्यांच्या संमतीने लिहा, नसेल तर तेही तुमच्या पुढच्या अभ्यासाला उपयोगी पडेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये केअर ही मान्य नियतकालिकांची यादी बंद केली आणि नियतकालिकाची पारख संस्थांवर सोपवली. त्यामुळे तुमचा लेख आला तेव्हा ते नियतकालिक यादीत होते असे असेल, तर त्या वेळच्या पानाची दिनांकित प्रत शोधून फाईलला लावा; आज ते सहज दाखवता येणार नाही.

रात्रीच्या त्या सवयीबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे, पण मला ते पत्रातले सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटले. आकडा रोज पाहण्याजोगा बदलत नाही हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही तिथे आकडा पाहायला जात नसून दिवसभर वर्ग, परीक्षा, महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठीचे नॅकचे कागद यांत बुडालेल्या माणसाचे खरे काम अजून कुणाच्या तरी लक्षात आहे का, हे पाहायला जाता. तो प्रश्न योग्य आहे. ज्याला विचारता ते यंत्र चुकीचे आहे. स्कॉलरमध्ये ‘अलर्ट’ लावून ठेवा. नवा उल्लेख झाला की ईमेल येईल आणि त्या दिवशी उल्लेख करणाऱ्याचा निबंध वाचा. एका वहीत सहा महिन्यांतून एकदा, सत्र संपल्यावर, तारीख, स्रोत आणि आकडा अशी नोंद करा. मधल्या काळात मोबाइलवरून ते पान काढून टाकलेत तर काहीही बुडणार नाही.

राहिला मराठी लेखनाचा प्रश्न. मराठीतून काही ‘मिळत’ नाही, या वाक्यातले मिळणे म्हणजे गुण असतील तर ते खरे आहे आणि मी तुम्हाला गुणांकडे दुर्लक्ष करा असे सांगणार नाही. बढती हवी, घराचे हप्ते असतात. पण तुमचा विषय निफाडचा आहे. उपसा मोजण्याची तुमची पद्धत इंग्रजीत जावी, कारण ती तासगावला किंवा आणखी दूर कुठे कुणाला तरी वापरता येईल. कोणत्या गावात, कोणत्या खोलीच्या विहिरी, किती वर्षांत आटल्या, हे मराठीत यावे, कारण ज्यांच्या विहिरी आहेत ते तिथेच वाचणार. एकच लेख दोन भाषांत गुपचूप दोनदा छापणे हा दोष ठरतो. भाषांतर असेल तर दोन्ही संपादकांची संमती घ्या आणि तळटीपेत तसे स्पष्ट लिहा, आणि शक्य असेल तर दोन लेख मुळातच दोन वेगळ्या प्रश्नांवर लिहा. दोघांत एकमेकांचा संदर्भ अवश्य द्या. त्याला स्वतःचा उल्लेख म्हणतात आणि सूचीत तो वगळला गेला तरी हरकत नाही. इंग्रजी निबंध वाचणाऱ्या परप्रांतातील अभ्यासकाला मूळ गाववार तक्ते कुठे आहेत ते त्याशिवाय कळणार नाही.